कुरुंदवाड, मळी आणि काटेरी वांगी : आपले अनुभव लिहावेत

काल मंडईत भाजीवालीने "कृष्णाकाठची आहेत ताई, डोळे झाकून घ्या" असे म्हणत काटेरी देठांची वांगी पुढे केली आणि मला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडची मावशी आठवली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एस.टी.ने नृसिंहवाडीला दर्शन घेऊन, पंचगंगेवरचा पूल ओलांडून तिच्याकडे जात असू. तिचे अर्धा एकर रान नदीलगत होते. पावसाळ्यात पात्राबाहेर आलेली नदी ओसरताना काठावर जो गाळ सोडून जाते, त्या गाळाच्या जमिनीला तिकडे मळी म्हणतात, आणि मळीच्या वांग्याला दुसऱ्या कोणत्याही वांग्याची सर येत नाही, हे मावशीचे ठाम मत होते. एकदा वांगे तोडताना माझ्या बोटात काटा रुतला, तेव्हा तिने बांगडीत अडकवलेल्या पिनेने तो काढला आणि "मळीचं वांगं फुकट मिळत नसतंय" असे म्हणून मलाच टोपली उचलायला लावली. कालची वांगी घरी चिरली, तर आत नुसत्या बिया निघाल्या. आपणही त्या बाजूला गेला असाल, तर जरूर लिहावे.

बांधावरचा : ताई, मळीचे गुणगान योग्यच आहे, परंतु गाळ देणारी नदी त्याचे मोलही वसूल करते. ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर मी शिरोळ तालुक्यात मामांकडे गेलो होतो. लांबून ऊस उभा दिसत होता, पण पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गाभ्यात, गाळ गेल्यामुळे तो आतून कुजला होता. मामांनी एक पोंगा ओढला, तो अलगद हातात आला, आणि त्यांनी तो न बोलता माझ्याकडे दिला. त्या वासामुळे मला पुढे कित्येक दिवस रसवंतीत पाऊल ठेवता आले नाही.

सौ. खवय्ये : कुरुंदवाडचा विषय निघाला आणि बासुंदीचे नाव नाही, याचा मी निषेध नोंदवते.

जुना मास्तर : पुराच्या जोडीला मिठाचाही उल्लेख व्हावा. उसाला वर्षानुवर्षे पाटाने भरमसाट पाणी दिले आणि काळ्या रानात निचरा झाला नाही, की जमिनीतील क्षार वर येतात. माझ्या एका विद्यार्थ्याचे रान पाहण्यास मी गेलो, तेव्हा ते लांबून चुना टाकल्यासारखे पांढरे दिसत होते. चर खणून सच्छिद्र पाइप पुरल्यानंतर ते पुन्हा पिकू लागले, पण खर्च ऐकून मला घाम फुटला. खवय्येताई, निषेध मान्य आहे.

मिरजकर : आम्ही गणेशोत्सवात गेलो होतो. कुरुंदवाडात मशिदींमध्ये गणपती बसवतात, हे ऐकून होतो. प्रत्यक्षात तेथे कोणालाच त्याचे अप्रूप दिसले नाही. प्रसाद देणाऱ्या चाचांना मी त्याविषयी विचारले, तर त्यांनी उलट मलाच विचारले, "वाडीत पाणी चढलंय का?" वाडी म्हणजे नृसिंहवाडी. तिथे उत्तरेकडून दत्ताच्या देवळात शिरलेले पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले, की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक त्यात स्नानासाठी गर्दी करतात. पुढे पाणी आणखी चढले, तर हाच सोहळा काळजीचा विषय होतो, म्हणून सर्वांचे लक्ष पाण्याकडे.

बांधावरचा : मिरजकर, अगदी बरोबर. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये फोनवर 'कसे आहात' याच्या आधी 'पाणी कुठवर आलंय' असे विचारतात.

सौ. खवय्ये : धागाकर्त्या ताई, मावशींच्या भरल्या वांग्यांची कृती मिळेल का?

धागाकर्ती : मावशीने मसाला कधी मोजून घातला नाही, त्यामुळे प्रमाण सांगता येणार नाही. शेंगदाण्याचे कूट, कांदा-लसूण चटणी, थोडा गूळ, एवढे आठवते. देठ मात्र ती काढू देत नसे. काटे तेवढे खुडायचे.

मिरजकर : मी रविवारी वाडीला निघालो आहे. वांगी आणू का?

धागाकर्ती : अवश्य आणावीत, परंतु एखादे तिथेच चिरून पाहावे.