कुळथाची पिठी, आठवड्यातून दोनदा
मासळीशिवाय आठवडाभर रोज काय रांधावे, हा प्रश्न आम्हां मालवणकडच्या घरांत जून-जुलैत, मासेमारी बंद असताना, दरवर्षी उभा राहतो. माझा मोठा आधार कुळथाची पिठी: ४ जणांना भाजलेल्या कुळथाचे अर्धी वाटी पीठ पाण्यात कालवून लसूण-मिरचीच्या फोडणीत सोडावे, दोन आमसुले घालावीत आणि उकळी फुटेपर्यंत ढवळत राहावे, कारण हात थांबला की गुठळ्या झाल्याच. सोबत मऊ भात व भाजलेला पापड. एरवी टाकळ्याची भाजी, अळूचे फतफते, काळ्या वाटाण्यांचे सांबारे नि घावणे (वाटाणे मात्र रात्रीच भिजत घालावेत). संध्याकाळी नारळ-गूळ घातलेले पोहे मला तळणापेक्षा केव्हाही अधिक पटतात.