मदत हवी आहे: आई-बाबांसाठी क्रूझवर सूटवाल्यांचा (मोठ्या, महागड्या खोल्यांचा) वेगळा भाग घ्यावा की साधी बाल्कनीची केबिन?

नमस्कार मंडळी,

आम्ही वरूड तालुक्यातले. माहेरी सहा एकर संत्रा आहे, तो धाकटा भाऊ सांभाळतो. मी लग्नानंतर यवतमाळ जिल्ह्यात एका खेड्यात शाळेवर आहे. यंदा आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. बाबांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. शेगाव, पंढरपूर, एकदा तिरुपती, इतकाच त्यांचा प्रवास. आंबिया बहाराची संत्री उतरली की जानेवारीत दोघांना सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर पाठवायचं, असं मी आणि भावानं ठरवलं आहे. विमानातही बसणं होईल. मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलिया क्रूझचा विचार आधी केला होता. विदर्भ एक्सप्रेसनं थेट मुंबई आणि पासपोर्टची भानगड नाही, म्हणून तो सोपा होता. पण विमानाचं बाबांना आधीच कबूल करून बसलो आहोत.

आता अडचण सांगते. जहाज बहुतेक गेंटिंग ड्रीम. त्यावर ‘द पॅलेस’ नावाचा सूटवाल्यांचा वेगळा भाग आहे: स्वतःचं रेस्टॉरंट, स्वतःचा पोहण्याचा तलाव, बटलर (दिमतीचा माणूस) आणि चढता-उतरताना रांगेत उभं राहायला नको. आम्हाला सांगितलेला भाव बाल्कनीच्या केबिनच्या जवळपास अडीचपट आहे. भाऊ म्हणतो, एकदाच पाठवतो आहोत तर राजासारखं पाठवू. माझंही मन तिकडेच ओढतं. आईनं उभा जन्म दुसऱ्यांना वाढण्यात घातला. चार दिवस कुणीतरी तिला चहा हातात आणून द्यावा, असं फार वाटतं.

महिनाभर रात्री बसून वाचते आहे. जहाजातलं जहाज, म्हणजे मोठ्या जहाजात असा राखीव भाग, ही कल्पना बऱ्याच कंपन्यांनी उचलली आहे. एमएससीनं 2008 साली फँटासिया जहाजावर ‘यॉट क्लब’ सुरू केला, नॉर्वेजियनचा ‘द हेवन’ आहे, सेलिब्रिटीचा ‘द रिट्रीट’ आहे. कुनार्डच्या क्वीन मेरी 2 वर तर कुठल्या केबिनचा प्रवासी कुठल्या रेस्टॉरंटमध्ये जेवणार, हेही ठरलेलं असतं. अशा राखीव भागात जायला खोलीचंच कार्ड लागतं. आतल्यांना अख्खं जहाज मोकळं, बाहेरच्यांना मात्र आत येता येत नाही.

एक गोष्ट फार उशिरा कळली, ती इथं लिहून ठेवते म्हणजे दुसऱ्या कुणाची फसगत होणार नाही. नुसतं ‘सूट’ लिहिलेलं असलं म्हणजे त्या वेगळ्या भागात प्रवेश मिळतोच असं नाही. आम्हाला एका एजंटानं सूट म्हणून जो भाव दिला होता, ती नुसती मोठी केबिन निघाली. मी तीनदा विचारल्यावर ‘पॅलेसमध्ये जाता येणार नाही’ हे त्यानं कबूल केलं. रॉयल कॅरिबियनवरही ज्युनियर सूटवाल्यांना सूट लाउंज मिळत नाही, आणि एमएससीवर यॉट क्लबच्या बाहेरचेही सूट असतात. म्हणून पैसे भरण्याआधी कुठली दारं उघडणार, हे लेखी घ्या.

परवा घरी गेले तेव्हा मोबाइलवर फोटो मोठे करून दोघांना दाखवले. आईनं चष्मा पुसून पुसून पाह्यलं. काचेच्या दारावर बोट ठेवून म्हणाली, “हे दार बंद कायले हाय?” मी सांगितलं, आतल्या लोकांना गर्दी होऊ नये म्हणून. बाबा ओट्यावर सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबवून म्हणाले, “मंग मी बोलू कोनाशी?”

तेव्हापासून मी अडून बसले आहे. बाबांचा सगळा दिवस ओट्यावर जातो. रस्त्यानं जाणारा ओळखीचा असो की नसो, “या, बसा, पानी घ्या” म्हटल्याशिवाय त्याची सुटका नाही. असा माणूस त्या शांत लाउंजमध्ये रमेल का? की तिथं अंग चोरून बसेल?

दुसरीकडे आईचे गुडघे आहेत. जहाज 335 मीटर लांब. म्हणजे आमच्या वेशीपासून शाळेपर्यंतचं अंतर, आणि वर मजले. जेवायला, परत खोलीत, पुन्हा वर, असं ती दिवसातून किती वेळा करेल? जेवण-बसणं सगळं जवळ असलेला भाग तिच्या सोयीचा वाटतो. पण तिला गाडी लागते. चिखलदऱ्याच्या घाटात एसटीत लिंबू हुंगत डोळे मिटून बसते. आणि हे खास भाग बहुधा जहाजाच्या अगदी वरच्या मजल्यांवर असतात.

आई माळकरी आहे, बाबा निर्व्यसनी. काही जहाजांवर या भागाच्या भाड्यात दारू धरलेली असते, म्हणजे आमचे तेवढे पैसे वायाच. अनुभव असलेल्यांनी मोकळेपणानं सांगावं, आमच्यासारख्या घरातल्या माणसांना ते दार हवं का?

प्रतिसाद १

ताई, मी काटोलचा. नागपुरात हॉटेल मॅनेजमेंट करून नऊ वर्षं जहाजांवर होतो, त्यातली शेवटची तीन सूटच्याच बाजूला. बटलर काय करतो ते सांगतो. बॅगा उघडून कपडे लावतो, सकाळी चहा-नाश्ता खोलीत आणतो, जेवणाचं टेबल आणि शोच्या जागा धरून ठेवतो, बंदरावर उतरताना गर्दीच्या बाजूनं काढून नेतो. काही अडलं तर रिसेप्शनच्या रांगेत न थांबता कन्सिएर्जला, म्हणजे सूटवाल्यांच्या मदतनिसाला, सांगता येतं. सांगायची गोष्ट ही की समुद्र, बंदरं आणि थिएटर सगळ्यांना तेच.

ज्यांना आपलं काम दुसऱ्याकडून करून घ्यायची सवय नाही, ती माणसं पहिले दोन दिवस फार अवघडतात. एक आजी मी येण्याआधी पलंग आवरून, चादर झटकून ठेवायच्या. त्यांना मी शेवटपर्यंत पाहुणाच वाटलो.

आईंच्या त्रासाचं मात्र मनावर घ्या. जहाज पुढे-मागे हेलकावतं ते टोकांना जास्त जाणवतं आणि डावी-उजवीकडे झुलतं ते वरती जास्त. सगळ्यात कमी हालचाल मधोमध, खालच्या मजल्यांवर. तुमच्या वाटेवरची मलाक्काची सामुद्रधुनी दोन्हीकडून जमिनीच्या आडोशाला आहे, त्यामुळे भर समुद्राइतकं पाणी तिथं उसळत नाही, तरी केबिन मधलीच घ्या. लिफ्टजवळची मागा, गुडघ्यांचा निम्मा प्रश्न तिथंच सुटतो. चढता-उतरताना व्हीलचेअर मिळते, पण ती बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवायची. त्यासाठी सूट घ्यावा लागत नाही.

रोजच्या सेवाशुल्काचं पण विचारून घ्या. ते माणशी, दर दिवसाचं असतं, आणि बऱ्याच कंपन्यांत सूटला जास्त असतं.

प्रतिसाद २

मी सासू-सासऱ्यांना घेऊन यॉट क्लबमध्ये राहून आले आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. सासूबाईंना ते फार आवडलं. उन्हात जागा शोधत फिरावं लागलं नाही, चहा वेळेवर मिळाला, आवाज नव्हता. त्यांना घरीही एकटं, शांत बसायला आवडतं. सासरे मात्र दुपारी गुपचूप निघून खाली बुफेच्या मजल्यावर जाऊन बसायचे. तिथं त्यांना जळगावकडचं एक जोडपं भेटलं आणि त्यांना आपल्याकडे चहाला आणता येईना, म्हणून ते खट्टू झाले. घरी पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठवायची सवय कुणाला असते?

रात्रीचं जेवण तिथं निवांत, एकेक पदार्थ येत, दीड तास चालतं. लवकर जेवून झोपणाऱ्यांना ते झेपत नाही. आई माळकरी असतील तर शाकाहाराचं बुकिंगमध्ये लिहून द्या आणि पहिल्या दिवशी जेवणाच्या हॉलच्या मुख्य माणसाला पुन्हा तोंडी सांगा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, ताई, दोघांचेही मनापासून आभार. उंबऱ्याचं वाचलं आणि फोन भावाकडे दिला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बाबा त रोज कोनाले तरी घेऊन येतीन.”

पॅलेस नाही घेत. मधल्या भागातली बाल्कनीची केबिन पाहतो आहोत. वाचतील त्या पैशात भाऊ आणि वहिनीचंही तिकीट होतं, म्हणजे आईसोबत कुणीतरी चालायला राहील. हे आधी सुचायला हवं होतं. इतके दिवस आम्ही त्यांना चांगल्यातलं चांगलं द्यायच्या नादात दोघांनाच पाठवत होतो.

चहाचं मात्र मनातून जात नाही. साध्या केबिनमध्येही सकाळी खोलीत चहा आणून देतात का? आणि बाबांना बसायला, गाणी-बिणी नसलेली, येणारी-जाणारी माणसं दिसतील अशी जागा कुठं शोधायची?

प्रतिसाद १

ताई, बऱ्याच जहाजांवर चहा-नाश्ता साध्या केबिनमध्येही येतो, फक्त त्याचे पैसे लागतात की नाही ते कंपनीला विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी रात्री दाराला कार्ड अडकवून ठेवायचं असतं. किती वाजता आणि काय हवं, त्यावर खूण करायची. पहिल्या रात्री वहिनींना ते करायला सांगा, आईंना सांगू नका. सकाळी दार वाजेल तेव्हा त्यांना कळेलच.

बाबांसाठी उघड्या डेकवरची, जिन्याजवळची खुर्ची. तलावाच्या मजल्यावर दुपारी गाणी असतात, पण पहाटे सहाच्या सुमारास तिथं फिरायला येणारी माणसंच असतात आणि त्यातली निम्मी आपल्याकडची. सिंगापूरच्या जहाजांवर भारतीय प्रवासी भरपूर, कामाला आपली मुलंही पुष्कळ. बाबांनी नुसतं ‘कुठले तुम्ही’ विचारावं. अडकित्ता मात्र विमानात हातातल्या पिशवीत चालायचा नाही, मोठ्या बॅगेत टाका. जहाजावर चढतानाही बॅगा तपासतात आणि तिथं धारेची वस्तू ठेवून घेऊ शकतात, म्हणून सुपारी घरूनच कातरून डब्यात द्या.