घरच्या घरी व्यायाम: अंग भरावे, पण आडवे वाढू नये, यासाठी काय करावे?

सज्जा:
नमस्कार. माझे वय 34 वर्षे, उंची 172 सेंटिमीटर आणि वजन 66 किलो आहे. दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसून काम करत असल्यामुळे हातपाय काटकुळे आणि पोट मात्र सुटलेले, असा विजोड बांधा झाला आहे. गेल्या पावसाळ्यापासून रोज सकाळी 24 सूर्यनमस्कार घालतो. पहिले दोन महिने दम वाढल्याचे जाणवले, परंतु त्यानंतर शरीर जिथल्या तिथे थांबले आहे. डोंबिवलीतील दोन खोल्यांच्या घरात यंत्रे ठेवण्यास जागा नाही, आणि खालच्या मजल्यावर वृद्ध जोडपे राहत असल्यामुळे उड्या मारण्याचे व्यायाम करता येत नाहीत. आमच्याकडे अंडी शिजत नाहीत. आणखी एक अडचण मनातली आहे: माझा मामेभाऊ जिमला जाऊ लागल्यापासून वर्षभरात इतका रुंद झाला की त्याचे जुने सदरे अंगात शिरेनासे झाले. मला सडसडीत राहूनच पीळदार व्हायचे आहे. वजन उचलायला लागलो तर माझेही तसेच होईल का?

चालतावाट:
आपण दिलेल्या उंची-वजनावरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, काढला तर तो 22.3 येतो, आणि हा आकडा पाहून मला पुण्याची एक गोष्ट आठवली. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनमधील सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचाही बीएमआय नेमका 22.3 होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के होती, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. वजनाच्या काट्यावर सामान्य दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवले. काटकुळे हातपाय आणि सुटलेले पोट हे आपले वर्णन याच प्रकारात बसते.

याचा अर्थ असा की आपल्याला वजन घटवायचेही नाही आणि फारसे वाढवायचेही नाही. त्याच 66 किलोंमधील वाटणी बदलायची आहे. रुंद होण्याची भीती मात्र मनातून काढून टाकावी. नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्या पुरुषाने सर्व काही नीट केले तरी महिन्याला अर्धा ते एक किलो स्नायू वाढणे म्हणजे उत्तम प्रगती, आणि तो वेगही पुढे मंदावत जातो. सकाळी उठून आरशात पाहावे आणि अचानक पैलवान दिसावा, असे कोणाचेही होत नाही. मामेभावांना मी पाहिलेले नाही, परंतु वर्षभरात सदरे आखूड पडत असतील, तर त्यात व्यायामाइतकाच ताटाचाही वाटा असावा.

लालमाती:
लहानपणी सांगलीकडच्या तालमीत काही वर्षे काढली आहेत, म्हणून लिहितो. पैलवानाचे अंग नुसत्या जोर-बैठकांनी होत नाही. त्यामागे दूध, तूप, बदामाची थंडाई आणि दुपारची गाढ झोप असते. ते खाणे नसेल तर त्याच जोर-बैठकांनी अंग घट्ट होते, आडवे होत नाही.

आता आपल्या सूर्यनमस्कारांविषयी. त्यांत खोट काही नाही, पण रोज तेवढेच 24 घातले की शरीराला त्यांची सवय होते आणि त्याला बदलण्याचे कारण उरत नाही. शिवाय त्यांत ढकलणे आहे, वाकणे आहे, मात्र ओढणे अजिबात नाही. दिवसभर खुर्चीत पोक काढून बसणाऱ्याला खरी गरज पाठीची असते. म्हणून आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, सूर्यनमस्कार सहा-आठवर आणावेत आणि नंतर पुढील तीन गोष्टींवर जोर द्यावा.

जोर काढताना खाली जाण्यास मनात चार आकडे मोजावेत. ते सोपे वाटू लागले की पाय पाटावर आणि पुढे पलंगावर ठेवावेत. बैठका मारताना पाठीवरच्या पिशवीत पाण्याचे पाच लिटरचे दोन कॅन घालून ती छातीशी कवटाळावी, म्हणजे दहा किलो भार आपोआप झाला. तीच पिशवी घेऊन कमरेतून वाकावे, पाठ सरळ ठेवावी आणि कोपरे मागे नेत पिशवी पोटाकडे ओढावी. प्रत्येकाच्या तीन ते चार फेऱ्या कराव्यात, आणि आणखी दोनच निघतील असे वाटेल तिथे थांबावे. एका फेरीत पंधरा सहज निघू लागले की कॅन वाढवावा. आकडा तीसपर्यंत नेण्यानेही स्नायू वाढतात, फक्त वेळ अधिक जातो. पिशवी ठेवताना खाली घोंगडी किंवा दुमडलेली सतरंजी असावी, म्हणजे खालच्या आजी-आजोबांची झोप मोडणार नाही.

मटकीउसळ:
व्यायामाबद्दल वरचे सगळे मान्य आहे, परंतु बहुतेकांचे गाडे अडते ते प्रथिनांपाशी. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे आपल्याला सुमारे 55 ग्रॅम. हे प्रमाण निरोगी राहण्यासाठीचे आहे; स्नायू वाढवायचे असतील तर किलोमागे 1.6 ग्रॅमपर्यंत, म्हणजे 100 ते 105 ग्रॅमच्या आसपास जावे लागते. सकाळी पोहे आणि दोन्ही वेळा पोळी-भाजी, वरण-भात एवढ्यावर पन्नासाच्या पुढे जाणे कठीण आहे. वाटीभर पातळ वरणाला आपण प्रथिनांचे भांडार समजतो, पण त्यात डाळ किती आणि पाणी किती, हे एकदा तपासून पाहावे.

अंडी नसली तरी बिघडत नाही. कोरड्या सोयाबीन वड्या 50 ग्रॅम घेतल्या तर 26 ग्रॅम प्रथिने मिळतात, दूध-दही मिळून अर्धा लिटर घेतल्यास 16, आणि मूठ-दीड मूठ फुटाण्यांतून दहाएक. हे जास्तीचे खाणे नेहमीच्या ताटावर न चढवता भात, फरसाण आणि चहाबरोबरची बिस्किटे यांच्या जागी आणावे, नाहीतर पोट तसेच राहील. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

सज्जा:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. बिस्किटांचा उल्लेख वर्मी लागला, कारण दिवसाला चार चहा होतात. दोन शंका उरल्या आहेत: बैठक मारताना गुडघ्यात कट्‌ असा आवाज येतो, तो धोक्याचा आहे का? आणि वजन बदलणार नसेल, तर प्रगती मोजायची कशी?

चालतावाट:
वेदना किंवा सूज नसेल, तर नुसता आवाज बहुधा निरुपद्रवी असतो. दुखू लागल्यास मात्र बैठका थांबवून गुडघा दाखवून घ्यावा. मोजण्यासाठी शिंप्याची फीत पुरेशी आहे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता घेर मोजावा. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. त्यासोबत दंड आणि छातीचे माप लिहून ठेवावे, आणि पिशवीत किती लिटर पाणी होते तेही. दर पंधरा दिवसांनी एकदाच मोजावे, तेही सकाळी, पहिल्या चहाच्या आधी.