रॅटच्या पिंजऱ्याला पीआयआर लावू की अल्ट्रासॉनिक?

एमफार्म_धुळे
राम राम मंडळी. आमच्या अ‍ॅनिमल हाऊसला, म्हणजे कॉलेजात प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, विस्टार जातीचे रॅट (प्रयोगाचे पांढरे उंदीर) आहेत, पॉलीकार्बोनेटचे पिंजरे, वर तारेची जाळी. मे महिन्यात रात्री लाइट गेली, एसी बंद, सकाळी तिथली देखभाल करणाऱ्या मामांनी दार उघडलं तर दोन रॅट मेलेले, बाकीचे लाळेने अंग ओलं करून पसरलेले. अजून डोक्यातून जात नाही ते. म्हणून ईएसपी३२ वर (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) काहीतरी बनवतेय, हालचाल थांबली की मोबाइलवर मेसेज यावा. पीआयआर (हालचाल ओळखणारा सेन्सर) आणि एचसी-एसआर०४ (आवाजाने अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर) दोन्ही घरात आहेत, कुठला लावू?

भुसावळ_सर्किट
ताई, एचसी-एसआर०४ अजिबात नको. तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, आपल्याला २० च्या वर ऐकू येत नाही पण रॅटला ४० सहज ऐकू येतं, म्हणजे रात्रंदिवस त्याच्या कानाशी टकटक. पीआयआर स्वतः काही सोडत नाही, नुसती अंगाची उष्णता बघतो. फक्त बाजूने चिकटवू नका, ती उष्णता पॉलीकार्बोनेटमधून आरपार येत नाही, वरून जाळीतून खाली बघू द्या. आणि वायर दाताला लागणार नाही अशी.

एमफार्म_धुळे
बाजूनेच चिकटवला होता दादा, म्हणून रीडिंग येत नव्हतं तर!

जळगावचा_काका
भो बरोबर सांगतोय, पण पोरी, नुसत्या पीआयआरच्या भरवशावर राहू नको. त्याला अंग आणि आजूबाजूचं यातला उष्णतेचा फरक दिसतो. खोली २२-२४ ला असली तर ठीक, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात एसी बंद पडून खोली ३६-३७ वर गेली की अंग आणि भुसा सारखेच गरम, मग ऐन गरजेच्या वेळी तो आंधळा. शिवाय रॅट दिवसा झोपतातच, हालचाल नाही म्हणजे आजारी असं नाही. आधी तापमान धर, डीएस१८बी२० या तापमान सेन्सरचा वॉटरप्रूफ प्रोब पिंजऱ्यांच्या उंचीला लाव, एसीच्या झोतात नाही, आणि २८ ला अलार्म ठेव.
अजून एक, लाइट गेली की राउटरही जातो, मग वायफायवरचा मेसेज जाणार कसा? मोबाइल नेटवर्कवरून एसएमएस पाठवणारं जीएसएम मॉड्यूल, सिम आणि बॅटरी घे, लाइट गेल्याचाच पहिला एसएमएस येऊ दे.

भुसावळ_सर्किट
राउटरचं माझ्या डोक्यातच आलं नाही काका. ताई, जीएसएमवाला मेसेज पाठवताना एकदम २ अँपिअरपर्यंत करंट ओढतो, बॅटरी तेवढी दमदार घ्या.

एमफार्म_धुळे
आधी प्रोब आणि जीएसएम करते, पीआयआर नंतर. प्राण्यांवरचे प्रयोग तपासणाऱ्या एथिक्स कमिटीला विचारून मगच पिंजऱ्यांना हात लावीन, आणि एसएमएस मामांच्या नंबरवर पण टाकते, ते कॉलेजच्या मागेच राहतात.