रंधा नंतर, आधी फट बघा

बी-३०४: बेडरूमचं दार लॅचच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात घासतंय. लॅच लागत नाही, कुरकुर तर विचारूच नका. सुतार म्हणतो फुगलंय, रंधा मारू. मारू द्यावा का?

ए-१०२: थांबा ताई. दार लावून बिजागरीकडची फट वरपासून खालपर्यंत बघा. वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर दार फुगलेलं नाही, लोंबलंय. फुगलेलं दार सहसा कडेला लांबवर घासतं, एकाच कोपऱ्यात नाही.

बी-३०४: वर करंगळीचं नख जातंय, खाली कागदही नाही!

ए-१०२: मग वरची बिजागरी सुटलीये. दार अर्धं उघडा, हँडल धरून वर उचला, हलताना दिसेल. स्क्रू आवळा. नुसताच गरगर फिरला तर भोक मोठं झालंय. दाराखाली पाचर सारा आणि एका वेळी एकच स्क्रू काढा. काडेपेटीच्या काड्या गूल तोडून, लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात गच्च बसवा. रात्रभर सुकू द्या. वर आलेलं कापून २ मिमीचं भोक पाडा, मग स्क्रू. चौकट जाड असेल तर २५ऐवजी ५० मिमीचा घाला.

सी-२०१: शेवटचे फेरे हातानेच हो. ड्रिल मशीनने आवळल्यामुळेच भोकं बाद होतात.

बी-५०२: लॅचला आत्ता हात लावू नका. दार वर आलं की बहुतेक लागेल. नाहीच लागलं तर लॅचच्या टोकाला खडू घासून दार लावा, चौकटीवर लॅच अडकतो त्या धातूच्या पट्टीवर ठसा कुठे उमटतो बघा. १-२ मिमीचा फरक कानशीने निघतो. जास्त असेल तर पट्टीच सरकवायची.

डी-४०३: आमचं लावलं की स्प्रिंगसारखं मागे येतं 😅

ए-१०२: बिजागरी खाचेत जास्त खोल गेलीये, नाहीतर स्क्रूची डोकी वर आलीत आणि पाती मिटत नाहीत. डोकी बसवा. खाच खोल असेल तर बिजागरीमागे पोस्टकार्डाइतक्या जाडीचा पुठ्ठा, लागला तर दुसरा.

सी-२०१: ताई, कुरकुरीचं. सांध्याखाली काळी भुकटी दिसली तर धातूवर धातू घासतोय. पिन निघत असेल तर एकेक काढून गंज पॉलिश पेपरने घासा, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. पिन पक्की असेल तर मशीन ऑइलचे दोन थेंब, दार दहा-बारा वेळा हलवायचं, ओघळ पुसायचा. खाद्यतेल नको, चिकट होऊन धूळ धरतं.

बी-५०२: आणि खरंच फुगलेलं निघालं तरी रंधा दमट हवेत नकोच. हवा कोरडी झाली की मोठी फट पडेल. फट २-३ मिमीच ठेवायची. फ्लश डोअरला (दोन्हीकडून सपाट, आत भराव असलेलं दार) कडेच्या लाकडी पट्टीपुरतंच तासायचं, आतला भराव उघडा पडला की संपलं. तासलेल्या कडेला त्याच दिवशी प्रायमर. दाराची वरची-खालची कड तर रंगवायची राहतेच, ओल तिथूनच शिरते.

बी-३०४: उचलून पाहिलं, हलतेय बिजागरी! सुताराला नको कळवते. पाचर कुणाकडे आहे का?

ए-१०२: जाडजूड मासिक दुमडून सारा, चालतं.