लिपोफ्युसिन : कचरा, गाळ की किटण?

धरमपेठकर :
आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळासाठी म्हातारपणावर चार पानं मराठीत लिहून राहिलो आहे. 'लिपोफ्युसिन'पाशी, म्हणजे वयाबरोबर पेशींत जमणाऱ्या काळपट द्रव्यापाशी, गाडी अडली. 'वार्धक्य रंगद्रव्य' लिहिलं तर मंडळी केसांचा कलप समजतील. 'पेशीतला कचरा' चालेल का?

मेडिकलवाली :
मूळ नावही रंगावरूनच पडलंय. ग्रीक 'लिपोस' म्हणजे चरबी, लॅटिन 'फुस्कुस' म्हणजे काळपट. पण 'कचरा' नको. नागपुरात कचरा म्हटलं की भांडेवाडीचा कचरा डेपो, म्हणजे घराबाहेर नेऊन टाकलेला. हा ऐवज बाहेर जातच नाही. लयकारिकांमध्ये, म्हणजे लायसोसोम नावाच्या पचनाच्या पिशव्यांमध्ये, पेशी आपली जुनी प्रथिनं, मोडक्या तंतुकणिका (ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया) पचवते. त्यातलं जे पचत नाही ते तिथेच एकमेकांत गुंतून बसतं. विभागत राहणाऱ्या पेशींत ते दर वेळी वाटलं जाऊन विरळ होतं. मेंदूतल्या चेतापेशी आणि हृदयाच्या स्नायुपेशी जवळपास विभागतच नाहीत, म्हणून तिथे वयाबरोबर वाढत जातं.

सक्करदऱ्याचे काका :
मग सरळ 'किटण' म्हणा ना जी! तेलाच्या बुधलीला बसतं ते. चरबीचं, काळपट, चिकट. गाळ ढवळला की वर येतो, किटण जागचं हलत नाही.

धरमपेठकर :
वा काका! पण बुधलीला किटण असलं तरी तेलाचं काही बिघडत नाही. पेशीचं काय बिघडतं?

मेडिकलवाली :
एरवी फारसं कळत नाही, ताण आला की कळतं. अन्न तुटलं की पेशी स्वतःचेच जुने भाग मोडून तग धरते. हे स्वभक्षण, त्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं. लयकारिका किटणाने भरल्या असतील तर पाचक विकर (एन्झाइम) त्या न पचणाऱ्या ढिगावरच वाया जातात आणि स्वभक्षण मंदावतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या) पेशींचा अमिनो आम्लांचा पुरवठा तोडला, तेव्हा लिपोफ्युसिन साठलेल्या पेशी लवकर मेल्या.

दुसरी भानगड लोहाची. या किटणात लोह अडकून राहतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरलं की लोहाशी गाठ पडून हायड्रॉक्सिल मूलकं नावाचे अतिशय क्रियाशील कण तयार होतात, ते लयकारिकेच्या आवरणाला इजा करतात. आवरण फाटून विकर बाहेर सांडले की पेशी मरणाच्या वाटेला लागते. लयकारिकांना 'आत्मघाती पिशव्या' म्हणतात ते उगाच नाही.

धरमपेठकर :
म्हणजे 'किटणामुळे पेशी मरते' असं लिहून टाकू?

मेडिकलवाली :
अजिबात नको. किटण भरलेल्या चेतापेशीही वर्षानुवर्षं काम करतात. ते म्हातारपणाचं कारण किती आणि परिणाम किती, यावर अजून वाद आहे. 'ताण सोसायची ताकद घटते' एवढंच लिहा.

सक्करदऱ्याचे काका :
नाहीतर उद्या कोणी 'पेशीचं किटण उतरवणारा काढा' घेऊन मंडळात हजर व्हायचा.

मेडिकलवाली :
होईलच! म्हणून पहिल्यांदा 'लिपोफ्युसिन, म्हणजे पेशीतलं किटण' असं लिहा, पुढे नुसतं किटण चालेल.

सक्करदऱ्याचे काका :
आणि क्रियापद 'साठतं' नको. किटण चढतं.