संगणकाच्या कॅबिनेटमधील धूळ : आपण ती कशी काढली, काय चुकले?

डेस्कटॉप संगणकाच्या पंख्याची घरघर वाढली, की कॅबिनेट उघडून धूळ काढावी असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. काम अवघड नाही. मात्र ज्यांचे संगणक या खटाटोपात बिघडले, त्यांच्याशी बोलताना माझ्या लक्षात आले की बहुतेक वेळा नुकसान धुळीने नव्हे, तर ती काढण्याच्या घाईने झाले होते. म्हणून आपण काय वापरले, काय चुकले आणि चूक नंतर कशी उमगली, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. नुसते ‘जपून करा’ म्हणण्यापेक्षा कारणही लिहिले, तर वाचणाऱ्याला त्याचा अधिक उपयोग होईल.

सुरुवात माझ्यापासून करतो; पुढे तारांच्या प्रत्येक ओळीनंतर वेगळ्या व्यक्तीचा अनुभव आहे. जड काम सुरू केले की माझ्या प्रोसेसरचे तापमान 100 अंश सेल्सिअसपर्यंत चढे आणि मग स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग कमी करी. मी दोनदा कॅबिनेट उघडून हाताच्या ब्लोअरने समोरून हवा मारली. उघड्यावरची धूळ गेली, तापमान मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. तिसऱ्या वेळी हीटसिंकवरचा (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागावरचा) पंखा स्क्रू काढून वेगळा केला, तेव्हा पंखा आणि धातूच्या पात्या यांच्यामध्ये नमद्यासारखा दाट थर बसलेला दिसला. पंख्याच्या बाजूने हवा मारून मी तो थर दोन्ही वेळा पात्यांमध्ये आणखी घट्ट बसवला होता. तो चिमट्याने उचलून, नंतर उलट बाजूने हवा मारल्यावर तापमान 70 अंशांच्या आसपास स्थिरावले.

* * *

ब्लोअरच्या झोताने पंखा भिरभिरताना पाहून आता तो स्वच्छ होतो आहे, असे मला वाटले होते. तो ज्या वेगासाठी बनवला आहे, त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या बेअरिंगमधून खरखर ऐकू येऊ लागली. शेवटी पंखा बदलावा लागला. शिवाय बाहेरून फिरवलेली मोटर जनित्रासारखी वीज निर्माण करू शकते आणि ती जोडलेल्या तारेतून मदरबोर्डपर्यंत पोहोचू शकते, हे मला नंतर समजले. आता मी प्रत्येक पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवते आणि मगच हवा मारते.

* * *

दाबाखालील वायूचा डबा वापरणाऱ्यांसाठी लिहितो आहे. या डब्यात प्रत्यक्षात हवा नसते, तर द्रवरूपात साठवलेला वायू असतो. कोपऱ्यातली धूळ निघावी म्हणून मी डबा तिरका धरला आणि नळीतून वायूऐवजी द्रवच बाहेर आला. क्षणार्धात रॅमच्या खाचेजवळ पांढरे दव गोठले. सुदैवाने प्लग काढलेला होता. दव वितळून सगळे पूर्ण कोरडे होईपर्यंत मी संगणक सुरू केला नाही, त्यामुळे काही बिघडले नाही. डबा उभा धरावा, झोत थोडा थोडा द्यावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण अशा अनेक डब्यांतील वायू ज्वालाग्राही असतो.

* * *

मी अनेक वर्षे संगणक दुरुस्त करतो. वरील सर्व चुका वस्तूंचे नुकसान करणाऱ्या आहेत. एक चूक मात्र माणसाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, जाळीआड धूळ दिसते म्हणून त्याचे आवरण काही जण उघडतात. 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या एसएमपीएसमधील मोठ्या कपॅसिटरवर 300 व्होल्टहून अधिक दाबाचा विद्युतभार साठतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ तेथे राहू शकतो. प्लग काढून पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून ठेवावे, त्याने बराच भार उतरतो. पण आतला कपॅसिटर रिकामा झालाच, अशी खात्री त्यावरून धरता येत नाही. एसएमपीएस न उघडता जाळीतूनच हवा मारावी.

घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरविषयीही मला नेहमी विचारतात. प्लास्टिकच्या तोंडातून धूळ आणि हवा वेगाने जाताना स्थितिक विद्युत तयार होते, म्हणून ते तोंड मदरबोर्डजवळ नेऊ नये. बाहेर उडालेली धूळ ओढून घ्यायला ते जरूर वापरावे. माणसाला जाणवणारा झटका साधारण 3000 व्होल्टच्या पुढचा असतो, तर काही नाजूक भाग 100 व्होल्टहूनही कमी दाबाने निकामी होऊ शकतात. म्हणजे आपल्याला काहीही न जाणवता नुकसान होऊन गेलेले असते. त्यासाठी आत हात घालण्यापूर्वी आणि मधूनमधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा.

* * *

सफाईनंतर पडद्यावर काहीच दिसेना, तेव्हा मदरबोर्ड गेला असे समजून मी हताश झाले होते. रॅमची पट्टी एका बाजूने अर्धवट बसली होती, एवढेच. आता काही काढण्यापूर्वी मी आतल्या सगळ्या जोडण्यांचे छायाचित्र घेते.

* * *

प्रोसेसरवरचा हीटसिंक काढायचाच असेल, तर तो सरळ वर ओढू नये. दोघांमधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट जुनी होऊन चिकटली होती आणि माझ्या हाती हीटसिंकसह प्रोसेसरही खाचेतून उपटून आला. त्याच्या खालच्या बाजूला पिना होत्या आणि त्यांतील चार वाकल्या. भिंगाखाली, पातळ पात्याने त्या सरळ करण्यात माझी एक संध्याकाळ गेली. संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट ऊबदार होऊ द्यावी, मग तो बंद करून, प्लग काढून हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवावा, असे मी पुढच्या वेळी केले आणि तो सहज निघाला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावल्याखेरीज हीटसिंक परत बसवू नये. केवळ धूळ काढायची असेल, तर बहुधा वरचा पंखा काढणे पुरेसे असते.

* * *

माझे काम जाळीदार फिल्टर लावल्यापासून बरेच कमी झाले आहे. हवा आत ओढणारे दोन पंखे समोर फिल्टरमागे आणि बाहेर टाकणारा एक मागे, अशी रचना केल्यावर कॅबिनेटमधील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक राहतो आणि फटींतून धूळ आत ओढली जात नाही. फिल्टर महिन्यातून एकदा पाण्याखाली धुतो आणि रात्रभर वाळवून, हाताला ओलसरपणा लागत नाही याची खात्री करूनच परत बसवतो.